पोटाबाहेरची पिशवी

मित्रांनो, मी एक वापरून टाकलेली प्लास्टिकची पिशवी आहे. बाजारातली नव्हे, इस्पितळातली. ऑपरेशननंतर पोटात नळी ठेवतात ना, तिच्या बाहेरच्या टोकाला मी असते. नाक मुरडू नका, ऐका तरी!

कारखान्यातून निघाले तेव्हा मी अगदी आरपार दिसणारी होते. पोटातून काय येतंय ते डॉक्टरांना दिसावं, म्हणूनच मला तसं घडवलं होतं.

माझ्या वाट्याला आले सुतारकाका. त्यांच्या मोठ्या आतड्याचा बिघडलेला तुकडा कापून काढला होता. मला खाटेच्या कडेला अडकवलं. आधी माझ्यात लालसर पाणी यायचं, मग ते फिकं झालं. डॉक्टर वाकून बघायचे आणि "झकास!" म्हणायचे. मला वाटायचं, मलाच म्हणतायत.

काकू भारी टापटिपीच्या. एका सकाळी माझ्यात हिरवट-पिवळं पाणी उतरलं. ते पित्त होतं. आतड्याच्या ऑपरेशननंतर पित्त गळणं फार क्वचित घडतं, त्यामुळे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. काकूंना वाटलं, घाण साठली. डॉक्टरांची फेरी व्हायच्या आत त्यांनी माझी तोटी उघडून सगळं ओतून टाकलं आणि मला फडक्यानं पुसलं.

"अगं, राहू दे की," काका कण्हत म्हणाले.

"गप्प पडा हो. पाहुण्यांपुढे कुणी खरकटी भांडी ठेवतं का?"

आधी सिस्टरला दाखवायचं, मग ओतायचं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग हे रोजचंच झालं. डॉक्टर यायचे तेव्हा मी कोरडी ठणठणीत.

"काहीच येत नाही? मग काढा नळी," एके दिवशी ते म्हणाले.

मी जिवाच्या आकांतानं ओरडले असते हो! पण पिशवीला तोंड असतं ते ओतण्यापुरतं.

नळी निघाली. मी खाटेमागे पडले आणि तिथंच राहिले. झाडणाऱ्या मावशींचा हात तिथवर पोचत नव्हता. इकडे वाट बंद झालेलं पित्त काकांच्या पोटात साठू लागलं. ताप चढला, पोट फळीसारखं घट्ट झालं. "गॅस असेल गं," असं म्हणत ते काकूंनाच धीर देत राहिले. शेवटी धावपळ करून त्यांना पुन्हा ऑपरेशनला नेलं. तिथून काका परत आलेच नाहीत.

खाट आवरताना मी सिस्टरला सापडले. माझ्या घडीत हिरवं पाणी उरलं होतं.

"काकू, हे असं कधीपासून येत होतं?"

"रोज सकाळी यायचं," डोळे पुसत काकू म्हणाल्या. "पण मी एकदाही तसंच राहू दिलं नाही हो. लगेच ओतायची."

 सिस्टरनं मला पाठीमागे लपवलं.

मित्रांनो, आजाऱ्याची सेवा जरूर करा. पण त्याच्या अंगातून जे बाहेर येईल ते दाखवल्याशिवाय टाकू नका, मग ते कितीही किळसवाणं असो. ही गोष्ट घरी सांगा, शेजारी सांगा, भेटेल त्याला सांगा. फक्त काकूंना सांगू नका.