निलमचं तोंड माझ्यावर छापलं होतं

मी आखाडा बाळापूरजवळच्या फाट्यावरचा फ्लेक्स बोलतोय. दहा फूट बाय आठ फूट. आता मधोमध मोठं भोक आहे, पण बोलण्यापुरतं अंग शिल्लक आहे.

आमचं आयुष्य थोडं. पुढाऱ्याचा वाढदिवस संपला, की रवानगी गोठ्यावर. मला मात्र पुण्यकर्मासाठी छापलं, म्हणून सुरुवातीला मी फार ऐटीत होतो.

तांड्यावरची निलम शाळेत खिचडी शिजवायची. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचं मन बिघडलं. कानात कोणीतरी बोलतंय म्हणायची, झोपायची नाही, रस्त्यानं धावत सुटायची. नवऱ्यानं, योगेशनं, आधी अंगारे-धुपारे केले आणि मग हात टेकले. तेव्हा उत्तमसिंग नावाच्या तरुण कार्यकर्त्यानं मदत गोळा करायचं ठरवलं. त्यानं मोबाइलवर तिचा फोटो काढला. केस मोकळे, पदर ढळलेला, हात दोरीनं बाजेला बांधलेले. छापणाऱ्याला म्हणाला, "हाच टाक. पाहणाऱ्याला दया आली पाहिजे." खाली लाल अक्षरांत 'वेडसर भगिनीच्या उपचारासाठी मदत करा'. वर सात पुढारी, हात जोडून हसणारे. त्यांचे चेहरे तिच्यापेक्षा मोठे.

खोटं कशाला बोलू? लोकांनी दिलं. बाजारच्या दिवशी मजुरी करणाऱ्या बायांनीसुद्धा कनवटीची नोट काढून दिली. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. निलम नांदेडच्या दवाखान्यात गेली, गोळ्या लागू पडल्या, चार महिन्यांत बरी होऊन परत आली.

येताना ऑटो फाट्यावर थांबला. तिनं मान वर केली आणि स्वतःला पाहिलं. बराच वेळ पाहिलं, मग पदर तोंडावर ओढून घेतला. मला त्या दिवशी पहिल्यांदा माझी लाज वाटली.

ती शाळेत गेली. गुरुजींनी चहा पाजला, काम दिलं नाही. का, ते तिनं दुसऱ्या दिवशी माझ्याखालच्या चहाच्या टपरीवर उत्तमसिंगला सांगितलं.

"भाऊ, तेवढा फ्लेक्स काढा नं. शाळेतल्या लेकरांचे मायबाप रोज हा फोटू पाहतेत अन् म्हणतेत, येडीच्या हातचं लेकरांना न्हाई खाऊ द्यायचं. मी बरी झाले आता."

"काहून काढावं, वहिनी? ह्याच्यामुळंच तर बऱ्या झाल्या तुमी. अन् वर साहेब हायेत. त्यायला कसं उतरवावं?" मग त्याला एकदम सुचलं. "दुसरा लावू! आधीचा फोटू अन् आताचा, बाजूबाजूला. लोकायला कळंल, आमी काय काम केलं ते."

"मला फोटूच नको. मला माझं काम पाहिजे."

ती गेली. "उपकाराची जाणच न्हाई," तो चहावाल्याला म्हणाला. माझ्या अंगावरचे सातही जण हसतच होते.

पुढच्या बाजारच्या दिवशी भर दुपारी ती विळा घेऊन आली. टपरीचं बाकडं माझ्यासमोर ओढून त्यावर चढली आणि तिनं आपला फोटो चारी बाजूंनी कापून काढला. सरळ, जपून. दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्याला तिनं धक्का लावला नाही. इतकं शहाणपणाचं काम त्या फाट्यावर मी दुसरं पाहिलं नाही.

"विळा हाय तिच्या हातात! पुन्हा येड लागलं!" कोणीतरी ओरडलं. दोघांनी तिचे हात पिरगाळले. "मला काही झालं न्हाई. माझंच हाय ते," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. कोणी ऐकलं नाही. योगेशनं तिला परत नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, बाई ठणठणीत आहे, गोळ्या तेवढ्या चालू ठेवा. तांड्यावर कोणाला ते पटलं नाही. खिचडीचं काम दुसऱ्या बाईला दिलं.

भोकामुळे साहेब बरे दिसेनात, म्हणून शेवटी मला उतरवलं. आता मी तांड्यावर रामसिंग नावाच्या शेतकऱ्याच्या कडब्यावर पडलो आहे. इथून निलमचं दार दिसतं. ती वेळेवर गोळी घेते, दारात बसते. समोरून जाणाऱ्या बाया लेकरांना जवळ ओढतात आणि भराभर पावलं उचलतात.

भल्या लोकांनो, तुमच्या पैशानं ती बरी झाली, हे अगदी खरं. पण आता तिच्या हातचा एक घास आपल्या लेकराला खाऊ द्या. तेवढी मदत अजून कोणीच केलेली नाही.