कामगार क्रमांक तेवीस

बाबांनी तिसऱ्यांदा नळी ओठांत घट्ट धरली, डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून फुंकर मारली. नळीवरचा तांबडा काटा थोडा वर सरकला आणि थांबला. सारिकानं वाकून आकडा पाहिला.

"कितीक?" बाबांनी धाप आवरत विचारलं.

"एकशे साठ."

"अन् काल?"

"कालही एकशे साठच."

"मंग झालं तं. खाली तं नाही गेला."

सारिकानं वहीत तारीख टाकून आकडा लिहिला. मेहकरच्या डॉक्टरांनी फुंकरीचा जोर मोजणारी ही नळी देताना बजावलं होतं, रोज सकाळी तीनदा फुंकायचं, त्यातला मोठा आकडा लिहायचा, आणि आकडा दीडशेच्या खाली गेला की दवाखाना गाठायचा. एके काळी जिनमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचा बोजा पाठीवर घेऊन पळणारा हा माणूस आता अंगणातून बादली आणताना दोनदा टेकायचा. पण सकाळचा आकडा ऐकताना त्याचा चेहरा निकाल ऐकणाऱ्या पोरासारखा व्हायचा. सारिकाला त्या चेहऱ्याकडे बघवत नसे, आणि बघितल्याशिवाय राहवतही नसे.

ती मेहकरच्या कॉलेजात ग्रंथपालांच्या हाताखाली होती आणि चार वर्षांपासून पीएच.डी. करत होती. विषय होता श्वासाच्या आजारांवरचं एक इंग्रजी नियतकालिक. गेल्या चाळीस वर्षांत त्यात कशाकशावर लेख आले, कोणत्या विषयाची लाट कधी आली नि कधी ओसरली, आणि कोणत्या लेखाचा दाखला पुढच्या किती लेखांनी दिला, याची मोजदाद. तिच्या गावात, जानेफळात, हे कुणाला पटवून सांगणं सोपं नव्हतं. शेजारच्या रेणुकाकाकूंनी एकदा तिच्याकडे खोकल्याची गोळी मागितली होती. मी तसली डॉक्टर नाही, असं सारिका म्हणाली, तेव्हा काकूंनी विचारलं, "मंग कसली? दम्याचे लेख मोजून दमा जाते का व?" त्यावर आई इतकी हसली होती की उबळ येऊन भिंतीला टेकली. आई जाऊन आता दोन वर्षं झाली. बुद्धाच्या तसबिरीशेजारी तिचा फोटो होता. फोटोतही ती हसू दाबून धरल्यासारखी दिसत होती.

रविवार होता. सारिका ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसली. सगळ्यांत जास्त दाखले मिळालेल्या वीस लेखांचा तक्ता करायचा होता. प्रबंधाचं तेच मुख्य प्रकरण, आणि महिन्याभरात ते विद्यापीठात द्यायचं होतं. सहा ओळी भरून झाल्या. सातव्या ओळीशी तिचा हात थांबला. साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, दाखले दोनशे बारा. लेखाचं नाव होतं, बुलढाणा जिल्ह्यातील एका जिनिंगमधील कामगारांची फुफ्फुसक्षमता.

हे नाव तिच्या यादीत चार वर्षांपासून होतं. पण तिला लागायचं ते साल, लेखक आणि दाखल्यांची संख्या. अडीच हजार लेख तिनं मोजले होते, वाचले असतील जेमतेम तीस. आज तिनं पहिल्यांदाच तो लेख उघडला. पहिल्याच पानावर जानेफळचं नाव होतं, आणि तपासणीचं साल, शहाण्णव.

"बाबा," तिनं हाक मारली, "तुम्ही जिनमधी होते तवा कोनी डॉक्टर आले होते का? शहाण्णव साली?"

बाबांचे डोळे एकदम चमकले.

"हाव. चंद्रशेखर डॉक्टर. मोठा चष्मा होता त्याले. आमाले अशाच नळ्या देल्या होत्या. ही नळी पाह्यली तवाच मी म्हटलं, हे तं आपली जुनी वळख हाय."

"त्यायनं स्वतः तपासलं सगळ्यायले?"

"एक दिवस आला, कसं फुकाचं ते शिकोलं, अन् नळ्या शेषराव मुकादमापाशी ठेवून गेला. परतेकाले एक कार्ड, कार्डावर नंबर. कामाच्या आंधी फुकाचं, सुटी झाली का फुकाचं, आकडा लिहाचा. आठ दिवसानं येऊन कार्डं घेऊन गेला." बाबा थांबले. मग गालातल्या गालात हसले. "पन त्याच्यात एक गंमत हाय."

"काय?"

"शेषरावनं सांगतलं का ज्याचा आकडा खाली, त्याले मालक घरी बसवते. आता झाली ना पंचाईत. अर्धे लोक खोकलत. सुटीच्या दुसऱ्या रोजी तं छाती अशी आवळून ये, बोलनं होत नाही. मंग मी म्हटलं, आना इकडे कार्डं. माह्या फुकीत लय दम होता तवा. काटा सहाशेच्या वर जाये. दयारामच्या कार्डावर मी फुकलो, त्याच्या भावाच्या कार्डावर मी फुकलो. चौदा जनाचं फुकलो एकट्यानं. बायायच्या कार्डावर जरा दमानं फुकलो, नाही तं डॉक्टर म्हनन, या बाया हायत का पैलवान."

ते हसता हसता खोकू लागले. सारिकानं पाण्याचा तांब्या पुढे केला. चौदाही जणांचं काम टिकलं, एकालाही घरी बसावं लागलं नाही, हे सांगताना त्यांची छाती आजही जरा फुगली.

"अन् आईचं?"

"तिचं तं सगळ्यात पह्यले. तिले तवाच खोकला लागला होता. तू वर्साची होती, पाळन्यात. तिचं काम गेलं असतं तं कसं झालं असतं?" त्यांनी फोटोकडे पाहिलं. "तिच्या कार्डावर मातर बाकी बायायइतकं दमानं नाही फुकलो. म्हटलं, आपल्या बायकोचं काऊन कमी दाखवाचं?"

सारिकानं लेखाचं पान पुन्हा वर सरकवलं.

"काय निघालं मंग त्याच्यातून?" बाबांनी विचारलं. "डॉक्टर पुन्हा आलाच नाही. आमाले काई समजलं नाही."

"वाचून सांगते," ती म्हणाली.

तिनं दुपारभर तो लेख वाचला. चौसष्ट कामगार. तिसऱ्या तक्त्यात प्रत्येकाचा क्रमांक, वय आणि आकडा. क्रमांक तेवीस, स्त्री, वय चोवीस, चारशे ऐंशी. खाली टीप होती: स्त्री कामगारांमधील सर्वोच्च नोंद. ही आईच होती. तिच्या आठवणीतल्या आईला चूल फुंकायलाही जमत नसे. फुंकणी ती सारिकाच्या हातात द्यायची आणि म्हणायची, तू मार, तुही फुकर लांब जाते.

निष्कर्ष एका वाक्याचा होता. लहान जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीचा कामगारांच्या फुफ्फुसांवर लक्षणीय परिणाम आढळत नाही. ते तिला अपेक्षित होतंच. तिला हलवलं ते दुसऱ्याच वाक्यानं. दुसऱ्या पानावर, कामाची पद्धत सांगताना, डॉक्टरांनी लिहिलं होतं: ज्यांची क्षमता घटलेली आढळेल त्यांना शहरातील दवाखान्यात नेऊन मोफत उपचार करण्याची व्यवस्था केली होती. तशी गरज कोणालाही पडली नाही.

ती उठून अंगणात गेली. उगाच दोरीवरचे वाळलेले कपडे काढले आणि परत तिथेच टाकले. डॉक्टर आकडे मागत होता ते खालचे आकडे हेरून औषध द्यायला. आणि लोकांनी खालचे आकडे लपवले ते काम वाचवायला. मालक घरी बसवेल हे मुकादमालाही खरंच वाटलं असेल, त्याला तरी कुणी काय सांगितलं होतं? मधे कुणी एका शब्दानं विचारलं असतं तर. पण डॉक्टरला विचारायचं कुणी?

पुढचे दोन दिवस कॉलेजातून आल्यावर तिनं त्या दोनशे बारांमधले मिळतील तेवढे लेख काढून पाहिले. मेंढरामागून मेंढरं चालावीत तसं ते एकच वाक्य एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेलं होतं. एका अहवालानं त्याच्याच आधारावर लहान जिनिंगांना धुळीच्या तपासणीतून सूट द्यावी असं सुचवलं होतं. दोनशे बारांपैकी एकानंही जानेफळचा फाटा पाहिलेला नव्हता. आणि तिला आईच्या शेवटच्या वर्षातला, शहरातल्या मोठ्या दवाखान्यातला तो तरुण डॉक्टर आठवला. बाबांनी जिनचं नाव काढलं तेव्हा तो मान हलवून म्हणाला होता, "त्या धुळीनं एवढं होत नाही, काका. तसा अभ्यास झालेला आहे." बाबांनी तेव्हा मान डोलावली होती. अभ्यास झालेला आहे म्हटल्यावर आपण काय बोलणार?

तिनं मार्गदर्शक योगिनी मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मॅडमनी मधे न तोडता ऐकून घेतलं.

"ती कार्डं आहेत कुठे?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाहीत, मॅडम. जिन बंद होऊनसुद्धा पंधरा वर्षं झाली."

"आणि ते डॉक्टर?"

"वारले. नियतकालिकातच श्रद्धांजली आलेली आहे."

"मग वडिलांचं तोंडी सांगणं, एवढंच उरतं. हे बघ सारिका, मला कळत नाही असं समजू नकोस. पण तुझा विषय दाखल्यांचा आहे. दोनशे बारा दाखले मिळाले, हे तर खरंच आहे ना? आपण मोजतो, तपासत नाही. सातवी ओळ आहे तशी राहू दे. महिना राहिलाय."

मॅडम वाईट नव्हत्या. सारिकाच्या फीची मुदत चुकली तेव्हा त्यांनीच धावपळ केली होती. ज्याचं जळतं त्याला कळतं, एवढंच.

त्या संध्याकाळी बाबांनी पुन्हा विचारलं. "वाचलं का व? काय निघालं?"

तिला खोटं सांगता आलं असतं. तुमच्यामुळे मोठा लेख झाला, जगभर गाजला, असं. त्यात खोटंही फारसं नव्हतं. झाकली मूठ तशीच राहिली असती, आणि चौदा जणांचं काम वाचवल्याचा आनंद बाबांना शेवटपर्यंत पुरला असता. पण ते फोटोखालीच बसले होते.

तिनं सांगितलं. हळूहळू, एकेक वाक्य मराठीत करून. तेवीस नंबरचा आकडाही सांगितला. धुळीचं वाक्य सांगितलं, तेव्हा बाबांनी नुसतं हूं म्हटलं. मग दवाखान्याचं वाक्य आलं.

"पुन्हा वाच," ते म्हणाले.

तिनं पुन्हा वाचलं.

"म्हंजे खाली आकडा आला असता तं दवाखान्यात नेलं असतं."

"हो."

"घरी नसतं बसोलं."

"नाही बाबा."

बाबांनी पंजा उघडला आणि अंगठ्यानं एकेक बोट दाबत नावं घेतली. दयाराम. दयारामचा भाऊ. मागच्या आळीतला प्रेमानंद. प्रेमानंदची बायको. अकरा नावांवर ते म्हणाले, हा गेला, हे गेली. शेवटी चौदावं नाव उरलं, त्याचं बोट त्यांनी दाबलं नाही. तसंच दुसऱ्या हातात धरून बसले. सारिका त्यांच्याजवळ सरकून बसली. रडू तिला येत होतं, त्यांना येत नव्हतं, आणि त्याचंच तिला जास्त भय वाटलं.

"तुमाले काय माहीत होतं," ती म्हणाली.

"माहीत नव्हतं," बाबा म्हणाले. "पन फुकलो तं मीच."

सकाळी तिनं नेहमीसारखी नळी पुसून त्यांच्या हातात दिली. ते रात्रभर झोपले नव्हते, हे डोळ्यांवरून दिसत होतं. एकदा फुंकलं, दोनदा फुंकलं. तिसऱ्यांदा नळी तोंडाशी नेण्याआधी त्यांनी फोटोकडे पाहिलं आणि मग फुंकर मारली.

"कितीक?"

सारिकानं आकडा दोनदा पाहिला. "एकशे चाळीस."

"माह्या नावावर नको लिहू."

"म्हंजे?"

"तुह्या मायच्या नावावर लिही. तेवीस नंबरवर."

"बाबा, असं दुसऱ्याचं लिहून चालत नाही."

"तवा चाललं ना," बाबा म्हणाले.

मग तिनं वहीचं नवं पान उघडलं. वर आजची तारीख टाकली. खाली लिहिलं, क्रमांक तेवीस, सिंधू, एकशे चाळीस. अक्षर जरा वाकडं आलं, पण वाचता येत होतं. बाबांनी वही हातात घेतली आणि त्या ओळीवरून बोट फिरवलं. वाचायला त्यांना वेळ लागायचा, तेवढा त्यांनी घेतला.

मग ते भिंतीला धरून उठले. खुंटीवरचा धुतलेला सदरा काढला, बटणं एकेक करत लावली, मधे एकदा थांबून श्वास घेतला. वही घडी करून खिशात घातली. दाराशी जाऊन त्यांनी चपला घातल्या आणि उंबऱ्यापाशी उभे राहिले.

"चाल," ते म्हणाले. "आकडा खाली आला. आता नेलं पाह्यजे तिले."