बारावी पौर्णिमा आणि माझा तिसरा पाय

“खाणीची कड दर महिन्याला खचतेय, हे सूनबाईच्या कानावर घालू नका. नवी आहे, उगाच घाबरेल.”

कुसुमताई हे नवऱ्याला, विनायकरावांना, म्हणाल्या तेव्हा त्यांची सून स्मृती दाराआड बसून माझे पाय पुसत होती.

मी ट्रायपॉड. कॅमेरा डोक्यावर घेऊन गप्प उभं राहायचं, एवढाच माझा जन्मभराचा उद्योग. माझे दोन पाय कारखान्यातले. तिसरा मोडला, तेव्हा गोकुळ रोडच्या परशुरामनं लेथवर नवा घडवला. मूळच्यापेक्षा दणकट.

विनायकराव म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. धारवाडबाहेरच्या, पाण्यानं भरलेल्या जुन्या मुरमाच्या खाणीचे चांदण्यातले बारा फोटो काढायचे, बारा पौर्णिमांचे, एकाच जागेवरून, हे त्यांचं व्रत. माझ्या पायांसाठी कडेवर चुन्यानं तीन खुणा केलेल्या. “जागा बोटभर हलली तर वर्ष मोडलं,” असं त्यांचं म्हणणं. कडच हलत होती, त्याचं काय?

चांदण्यात शटर आठ मिनिटं उघडं ठेवतात. तेवढ्यात समोरून कुणी चालत गेलं तर फोटोत उमटतच नाही. असा माणूस पुसून टाकणारा वेळ मी फार पाहिलाय. त्या आठ मिनिटांत श्रीवत्स, स्मृतीचा नवरा, खाणीकडचा माझा तिसरा पाय धरून, श्वास रोखून बसतो. खाली काळं पाणी.

जमीन खचली की तो पाय आणखी लांबवावा लागतो. माप चुकू नये म्हणून मला तसाच घरी आणतात. लग्नानंतरच्या चार पौर्णिमांना स्मृतीनं तो जिथवर लांबला तिथं नेलपॉलिशच्या रेघा मारल्या, कुणाला न विचारता. पहिल्या दोन रेघांत तांदळाएवढं अंतर. मग बोटभर. मग चार बोटं.

आज बारावी. संध्याकाळी श्रीवत्सनं गाडी बाहेर काढली.

“अप्पा, तिसरा पाय कुठाय?”

तो स्मृतीच्या मांडीवर होता. दुपारीच तिनं स्क्रू सोडवले होते. मी भिंतीला टेकून, लंगडा.

“आण गं इकडे,” विनायकराव हसले. “अकरा वेळा काही झालं नाही, आजच काय होणार? इरली बिडु, असू दे गं!”

वाचकहो, वस्तूंनी कामाला यावं म्हणतात. मला मात्र निकामीच राहू द्या.

चार महिने ‘हो’ आणि ‘बरं’ यांवरच भागवलेली स्मृती उठली. चारही रेघा तिनं त्यांच्यासमोर धरल्या.

“मामंजी, तुमचं वर्ष आज पुरं होईल. आमचं आत्ता कुठे सुरू झालंय. पाय मिळणार नाही.”