गाळाची बाटली

"तेवढा वेग अर्धा कर अन् परत चालव," एकनाथराव म्हणाले. "खाली प्रतापरावांची गाडी लागली."

सुमेधाने कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. पडद्यावर खाडीचा नकाशा होता आणि प्रतापरावांच्या मत्स्यशेतीच्या पिंजऱ्यांखाली मोठा तांबडा डाग. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य तळाच्या गाळात मिसळून तिथंच साचणार, असं मॉडेल सांगत होतं. साचलं की शेजारच्या शिंपल्या गुदमरणार. गाळ खाली बसण्याचा वेग अर्धा दाखवला, की तोच डाग खुल्या समुद्रात पांगायचा आणि पिंजऱ्यांना परवानगी मिळायची. समुद्र विद्यानगरच्या या ऑफिसपासून रात्रभराच्या प्रवासावर. इथं बसून त्याच्याशी काहीही करता येत होतं.

"सर, खाडीवरल्या त्या बायका शिंपल्या वेचूनच जगायल्यात."

"मला कळंना का? पण हे काम गेलं तर ऑफिसला कुलूप लागतंय, बेटा. नक्को परेशान करू."

त्यांच्यावर धड चिडणंही तिला जमेना. अंबरपेठच्या या पोरीला कुणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा याच माणसाने खुर्ची दिली होती. आधी बाटली बघायची, मग कॉम्प्युटर, हेही त्यांनीच शिकवलेलं. प्रत्येक कामाच्या जागेवरचा गाळ पाण्यासकट बाटलीत भरून आणायचा, बाटलीवर जागेची चिठ्ठी चिकटवायची, ही त्यांची शिस्त. खिडकीत अशा बाटल्यांची रांगच होती.

या खाडीतल्या चाचणीच्या पिंजऱ्याखालचा गाळ घेऊन परतताना ती गुडघाभर चिखलात रुतली होती. शिंपल्या वेचणाऱ्या एका बाईने तिचा दंड धरला आणि "मेल्लगा, अम्मा," हळू, असं म्हणत तिला काठाला आणलं. ते बोलणं तिच्या कानातून जात नव्हतं.

तिने टेबलावरची त्याच गाळाची बाटली जोरात हलवली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

"तुम्हीच सांगा सर, किती वेग घालू."

जिन्यात बूट वाजू लागले. एकनाथरावांनी नजर चुकवून पाहिली, पण जुनी सवय. डोळे बाटलीवरच आले. पाणी वरून निवळलं, मग मधूनही. बूट दाराशी पोचेपर्यंत गाळ तळाशी बसला होता.

एकनाथरावांनी चष्मा लावला, कीबोर्ड ओढून घेतला आणि वेगाचा आकडा स्वतःच अर्धा केला.

"अहवालात तुझं नाव नाही घालत," ते पुटपुटले.

"मग उद्यापासून मीबी येत नाही, सर."

त्यांनी मॉडेल परत चालवलं. तांबडा डाग खुल्या समुद्रात पांगला.

"झालं का?" प्रतापराव दारातूनच म्हणाले.

"हौ, झालं. बसा."

सुमेधाने डबा पिशवीत घातला. बाप गेला तेव्हा आलं होतं तसंच रडू आत्ता येत होतं, आणि या दोघांसमोर तिला ते नको होतं. तिने बाटलीला हात लावला.

"ती राहू दे, बेटा," पडद्यावरची नजर न काढता एकनाथराव म्हणाले.

गाळ ढवळू नये म्हणून तिने बाटली हळू उचलली आणि खिडकीतल्या रांगेत ठेवली, चिठ्ठी त्यांच्या खुर्चीकडे करून.