दम्याचा पंप

धुरपताबाई सकाळी गवार मोडता मोडता एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "आनंदा, काळीज लई पळायलंय माझं."

आनंदराज कॉलेजात शिकवायला निघाला होता. त्याने आईचं मनगट धरलं. नाडी बोटांखाली नुसती थरथरत होती, मोजताच येईना. शेजारच्याची कार मागून त्याने आईला लातुरातल्या एका हृदयरोगाच्या दवाखान्यात नेलं.

तातडीच्या विभागात डॉ. मृण्मयी होत्या. तरुण, बोलायला शांत. त्यांनी छातीला वायरी लावल्या, ईसीजीची पट्टी काढली. "ठोके दोनशेच्या जवळ आहेत," त्या आनंदराजला म्हणाल्या. "हृदयातली वीज चुकीच्या वाटेने गोल गोल फिरतेय. आधी औषधाशिवाय बघू." त्यांनी धुरपताबाईंना रिकाम्या सिरिंजमध्ये जोरात फुंकायला लावलं आणि लगेच आडवं करून पाय वर उचलले. काही फरक पडला नाही. फुंकताना मात्र बाईंना ढास लागली.

"आता एक इंजेक्शन देते. ते गेलं की हृदय काही क्षण थांबतं आणि मग नीट सुरू होतं. पडद्यावर सरळ रेघ दिसेल, घाबरू नका."

"थांबतं म्हणजे?" आनंदराजने विचारलं.

"तेवढ्यापुरतंच. आजी, तुम्हाला दमा आहे का?"

"न्हाई," धुरपताबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी आनंदराजकडे पाहिलं. "नाही," तोही म्हणाला. त्याला खात्री होती. आई अर्धं वर्ष त्याच्याकडे असायची, अर्धं नांदेडला बहिणीकडे. त्याने तिला कधी धापा टाकताना पाहिलं नव्हतं.

नर्सने कोपराजवळच्या शिरेत सुई बसवली. तेवढ्यात बुद्धप्रियाचा, बहिणीचा, फोन आला. त्याने मघाशी तिला निरोप टाकला होता.

"दादा, डॉक्टरांना दम्याचं सांगितलंस ना?"

"कुणाच्या दम्याचं?"

"आईच्या. कमरेच्या बटव्यात पंप असतो बघ तिच्या."

त्या बटव्यात सुपारी असते, असं तो इतकी वर्षं समजत होता. "डॉक्टर, थांबा," तो म्हणाला. नर्सने बटवा सोडला. आत निळा पंप होता.

मृण्मयींनी हातातली सिरिंज बाजूला ठेवली. "आजी, आज हा किती वेळा ओढला?"

धुरपताबाई छताकडे बघत म्हणाल्या, "रातच्यापून लई येळा."

"म्हणजे काय झालं?" आनंदराजने विचारलं.

"या पंपाने श्वास मोकळा होतो, पण जास्त घेतला तर ठोके वाढतात. आणि मी देणार होते त्या इंजेक्शनने दमेकऱ्याचा श्वास कोंडू शकतो. आता दुसरं देते, सावकाश."

श्वासाच्या औषधाने हृदय पळवलं होतं आणि हृदयाच्या औषधाने श्वास अडला असता. आनंदराजने ते मनात दोनदा मांडून पाहिलं, तरी ते डोक्यात बसेना. आणि आईने खोटं का सांगितलं? तेही अशा वेळी?

दुसरं औषध थेंबाथेंबाने आत जात होतं. पडद्यावरचे आकडे बराच वेळ हलले नाहीत. मग एक ठोका चुकल्यासारखा झाला, रेघेत मोकळी जागा पडली आणि ठोके एकेक करून सुटे दिसू लागले. धुरपताबाईंनी डोळे मिटले. "उतरलं बगा," त्या पुटपुटल्या.

दुपारी वॉर्डात त्याने विचारलं, "आई, मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय? तुझ्या घराच्या मागं डाळमिल. भुसा उडतोय दिवसभर. तू म्हणला असतास, नांदेडलाच ऱ्हा."

"म्हणालोच असतो."

"मंग? बायको गेल्यापून तू एकटा. कोण करून घालणार?"

घटस्फोटाला तीन वर्षं झाली होती. एवढ्या काळात तो स्वयंपाक शिकला होता. आई यायच्या आधी नीट करून खायचा आणि ती आल्यावर तिला बरं वाटावं म्हणून काही येत नसल्यासारखा वागायचा. हे त्याने तिला सांगितलं नाही. सांगावं की नाही, तेही त्याला कळेना.

संध्याकाळी बुद्धप्रिया एसटीने पोचली. आई झोपली होती. दोघं पलंगाच्या दोन बाजूंना बसले.

"तुझ्याकडे ती जिना चढते?" तिने हळू विचारलं.

"रोज. गच्चीवर कपडे वाळत घालते."

"माझ्याकडे खालच्याच खोलीत असते. गुडघे दुखतात म्हणते."

"गुडघे? माझ्याकडे तर कधी तसं म्हणाली नाही."

दोघांनी आईकडे पाहिलं. तिचा श्वास आता संथ चालला होता. आनंदराज म्हणाला, "उठली की सगळं विचारू." बुद्धप्रियाने मान हलवली. पण काय काय विचारायचं, ते दोघांनाही ठरवता येईना.