येसूबाईंनी घेतलेले नाव

मी एक जुना रेकॉर्डर आहे. काडेपेटीहून थोडा मोठा, आणि पोटात दोन सेल. आता सेल गळून माझे पोट गंजले आहे.

मला डॉक्टर इरेना यांनी घेतले. त्या संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांसाठी नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञ. मित्रांनो, मला वाटले, बाई मोठ्या साहेब असणार! कसचे काय! पगार नाही, हुकूम चालत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे ऐकायचे, शहानिशा करायची आणि त्याच्या सरकारला पत्र लिहून जाब विचारायचा. तरी कधी कधी त्या पत्राने तुरुंगाचे दार उघडले. तेव्हा बाई मला रुमालाने पुसत आणि मी फुगून जाई.

एकदा बाई परिषदेसाठी सोलापुरात आल्या. चैताली नावाची कार्यकर्ती त्यांना येसूबाईंकडे घेऊन गेली. येसूबाईंचा नवरा एका कारखान्याच्या मैल्याच्या टाकीत उतरला आणि गुदमरून गेला. ठेकेदार म्हणे, तो आमचा माणूसच नव्हता. नवरा काम करताना गेला, एवढे कागदावर यावे, हीच येसूबाईंची मागणी होती.

त्या तासभर बोलल्या. पण सगळे "ह्यांनी" आणि "आमच्या सिद्धांतचे वडील". नाव कुठेच नाही.

"मावशी, पत्रात नाव घालायचं तर ते तुमच्या तोंडून यायला पाहिजे की. बाईंचा तसा नियम आहे," चैताली म्हणाली.

"नवऱ्याचं नाव कसं घीऊ गं? लग्नात उखाण्यात घेतलं हुतं, तेवढंच."

मग येसूबाईंनी पदर डोक्यावर ओढला.

"त्रिंबक. टाकीत गेले ते त्रिंबक."

मला रडता येत नाही, याचे तेव्हा फार वाईट वाटले.

जाताना बाईंनी मला चैतालीकडे ठेवले. पत्र गेले. दोन महिन्यांनी सरकारचे उत्तर आले. चैतालीने ते येसूबाईंना वाचून दाखवले: "त्रिंबक नावाची कोणतीही व्यक्ती तेथे कामावर नव्हती." बाईंनी दुसरे पत्र लिहिले, त्याला उत्तरच नाही. पुढे त्यांच्या नेमणुकीची मुदत संपली. चैतालीने मोबाइल घेतला आणि मी खणात पडलो.

पण ते उत्तर ऐकून येसूबाई काय बोलल्या, ते माझ्यात अजून आहे.

"न्हवतेच, तर मग मी नाव कुणाचं घेतलं गं?"

चैतालीने तो कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मी तरी काय करणार? मला ऐकता येते, कुणाला उत्तर द्यायला भाग पाडता येत नाही. बाईंचेही तसेच होते.

मित्रांनो, मला खुशाल भंगारात द्या, माझी तक्रार नाही. पण तुमच्या गल्लीत कुणी टाकीचे झाकण उघडून आत उतरताना दिसला, तर आधी त्याला हाताला धरून थांबवा. आणि त्याचे नाव विचारा, तो सांगू शकतो तोवरच.