कौदीचं पोट

कमलम्मांचे गुडघे जिना चढायला केव्हाच कुरकुरायला लागले होते. पण मुलींच्या बालगृहातला शिवणाचा वर्ग वरच्या मजल्यावर होता आणि तो खाली आणावा असं कुणाला सुचत नव्हतं. जुळे सोलापुरातल्या घरून रिक्षा, मग हा जिना, आणि वर गेल्यावर पुन्हा तोरणं. तोरणं, रुमाल, उशांचे अभ्रे. ये रे माझ्या मागल्या! इतकी वर्षं त्या शिकवत होत्या, पण शिवलेली एकही वस्तू कुठल्या मुलीबरोबर गेल्याचं त्यांना आठवत नव्हतं. सगळं देणग्या द्यायला येणाऱ्या पाहुण्यांच्या घरी. ज्या पोरींना स्वतःचं दार नाही, त्यांच्याकडून लोकांच्या दारांची तोरणं करून घ्यायची, हे कसलं शिक्षण, असं अलीकडे त्यांना वाटायचं. वाटायचं, आणि मग त्या मुकाट सुईत दोरा ओवायला घ्यायच्या.

त्यातली पूनम म्हणजे धनगराची पोर. आई फुलाबाई गेल्यावर लहानपणीच इथं आली. अंगानं उंच झाली, पण हाताला वळण म्हणून लागलं नाही.

"तुझे टाके म्हंजे वाट चुकलेल्या मेंढ्या. एक हितं, एक तितं," कमलम्मा म्हणायच्या. पूनम हसायची आणि पुढचा टाका त्याहून लांब घालायची. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

पूनमला अठरा वर्षं पूर्ण झाली होती आणि रविवारी ती पुण्याच्या वसतिगृहात जाणार होती. तिनं रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून उन्हाळ्यातच कमलम्मांनी तिला कौदी शिवायला बसवलं होतं. मैंदर्गीला कमलम्मांच्या माहेरी कौदी म्हणत, पूनम वाकळ म्हणायची आणि अधीक्षक मॅडम गोधडी. "हिला बाजारचं कापड चालत न्हाई," कमलम्मांनी बजावलं होतं. "घरचं, अंगावरचं पायजे." पूनमनं आपल्या पत्र्याच्या पेटीतून आईचं हिरवं लुगडं काढलं. इथं आली तेव्हा ती त्यातच गुंडाळलेली होती. लुगडं समोर धरून ती नुसतीच बसली, कात्री काही चालेना. शेवटी कमलम्मांनीच ती चालवली.

ती कात्री आता त्यांच्या मनाला लागत होती. कारण गुरुवारी मॅडम वर आल्या आणि कौदी उलगडून म्हणाल्या, "शनिवारी पाहुण्यांना हीच देऊ या. मी फोटो पाठवला होता, त्यांना फार आवडली. आज शेवटचा कोपरा शिवून कपाटात ठेवा."

"मॅडम, ती पूनमची हाय. तिच्या आईचं लुगडं..."

"कळतं हो मला. पण त्या नव्या शिलाई मशीन देणार आहेत. बाकीच्या मुलींचं नको का बघायला? पूनमला मी चांगली चादर घेऊन देते."

मॅडम वाईट नव्हत्या, पंचाईत तीच होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. कमलम्मांनी पूनमकडे पाहिलं.

"द्या की बाई," पूनम म्हणाली. "कापडच तर हाय." आणि ती भांडी घासायला खाली निघून गेली. तिच्या पाठीकडे बघताना कमलम्मांना स्वतःची इतकी चीड आली, की हातातली सुई बोटात घुसली.

सगळ्या वर्गाला त्यांनी एक गोष्ट शिकवली होती: कौदी उपाशी शिवायची नाही. शेवटचा कोपरा बंद करताना पोळीचा नखाएवढा तुकडा आत घालायचा. तिचं पोट भरलेलं असलं, की पांघरणाऱ्यालाही ती उपाशी ठेवत नाही. पोरी तेव्हा खूप हसल्या होत्या.

दुपारी वर्ग रिकामा झाल्यावर कमलम्मांनी डबा उघडला. सुनेनं, शिवानीनं, शेंगापोळी दिली होती, गूळ सढळ हातानं घातलेली. त्या तिचा नखाएवढा तुकडा मोडायला गेल्या, मग त्यांनी हात मागे घेतला. या इमारतीत साखरेचा डबासुद्धा पाण्याच्या परातीत ठेवावा लागे, इतक्या मुंग्या. आणि कपाट तर खाली स्वयंपाकघराच्या भिंतीलाच. कमलम्मांनी अख्खी शेंगापोळी घडी घालून कोपऱ्यात सरकवली आणि वरून टाके घातले. आयुष्यात प्रथमच त्यांनी टाके मुद्दाम लांब घातले. त्या दिवशी डब्यात दुसरं काही नव्हतं.

शनिवारी सकाळी मॅडमनी रंगीत कागदात गुंडाळायला कौदी बाहेर काढली आणि किंचाळून खाली टाकली. लाल मुंग्यांची रांग त्यांच्या कोपरापर्यंत चढली होती. "कुणी खायचं घातलं यात?" मॅडमनी पूनमकडेच पाहिलं. बाकीच्या मुलींनीही पाहिलं.

"मी," कमलम्मा म्हणाल्या. कित्येक वर्षांत त्यांचा आवाज एवढा मोठा निघाला नव्हता. "आमच्यात कौदी उपाशी ठेवत न्हाईत."

"अहो, शिकलेल्या बाई तुम्ही, आणि हे असलं?" मॅडमना कपाळाला हात लावायलाही सवड नव्हती, पाहुण्यांची गाडी निघाली होती. त्यांनी कारकून अमरेशला चादरीच्या दुकानात पिटाळलं. सोलापुरात येऊन चादर न घेता गेलेला पाहुणा अजून जन्मायचाय. पाहुण्या खूश झाल्या, मशीनही मिळाल्या.

कार्यक्रम उरकेपर्यंत कौदी गच्चीवर उन्हात पडून होती. मुंग्या गेल्यावर पूनमनं ती झटकून वर्गात आणली आणि कोपरा उसवला. आतला ऐवज बघून ती थबकली.

"बाई, तुमी तर नखाएवढा तुकडा म्हनला हुता. ही तर अख्खी पोळी हाय."

कमलम्मांनी चष्मा पुसायला घेतला. "लांब जायचं हाय की तिला," त्या म्हणाल्या. "वाटंत भूक लागंल."

पूनमनं ती पोळी काढून बाजूला ठेवली. मग तिनं कमलम्मांचा आजचा डबा उघडला, पोळीचा नखाएवढा तुकडा मोडून कोपऱ्यात घातला आणि डबा त्यांच्यापुढे सरकवला.

"बाकीची तुमी खावा, माज्यासमोर. परवा उपाशीच गेला असाल घरी."

कमलम्मांना रडू आवरेना. या बालगृहात आजवर त्यांना कुणी जेवलात का म्हणून विचारलं नव्हतं. त्या रडत रडत पोळी खात राहिल्या आणि पूनम मान खाली घालून कोपरा शिवत राहिली.

शिवून झाल्यावर तिनं कोपरा त्यांच्यापुढे धरला. टाके बारीक होते, एकासारखे एक. त्यात काढायला खोट नव्हती, म्हणून कमलम्मांनी नुसता दोरा तोडून दिला आणि गुडघ्यांवर हात टेकून त्या जिन्याकडे निघाल्या.